उंची कमी केलेली पिकअप ट्रेलर जोडला की मागून का आपटते

सिल्व्हराडो, सिएरा, एफ-१५० यांसारखी हाफ-टन (पूर्ण आकाराची, पण त्यातल्या हलक्या वर्गातली) पिकअप पुढून दोन इंच आणि मागून चार-पाच इंच खाली घेतली, की रिकामी असताना ती रस्त्यावर मस्त चालते. वळणावर कलत नाही, हौद्यात सामान चढवायला सोपी पडते. ट्रेलर जोडल्यावर मात्र पुलाच्या प्रत्येक सांध्यावर मागून ‘धप्प’ आवाज येतो आणि पाठीत दणका बसतो. मालक शॉकॲब्सॉर्बर बदलतो, मग एअरबॅग घालतो, मग पाटे बदलतो. महिनाभराने आवाज परत येतो, कारण बिघडलेला असा एकही पार्ट नसतो. एक्सलला वर जायला जागाच उरलेली नसते. ती जागा किती उरली आहे हे मोजल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका.

इथलं सगळं मागे पाटे असलेल्या गाड्यांबद्दल आहे. रॅम १५००ला २००९च्या मॉडेलपासून मागे कॉइल स्प्रिंग आहेत. तिथे वजन, मोजमाप, बॉलची (गाडीच्या मागचा, ट्रेलर अडकवायचा गोळा) उंची, टायर हे तसंच लागू होतं, पाट्यांचा आणि यू-बोल्टचा भाग सोडून द्या. महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगतो: नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाही. तेव्हा हे अमेरिकेत पिकअप बाळगणाऱ्यांसाठी आहे. गावाकडच्या बोलेरो पिकअपवर याचा प्रयोग करू नका.

लक्षणं

आवाज नीट ऐका. अर्धं निदान तिथेच होतं.

दोन्ही बाजूंनी एकदम येणारा जड, बसका ‘धप्प’ म्हणजे एक्सल बंप स्टॉपच्या (एक्सल चेसीवर आदळू नये म्हणून मध्ये बसवलेला अडथळा) रबरावर आदळतो आहे. हाच आवाज कोरडा आणि कानठळ्या बसवणारा असेल, तर रबर फाटलंय किंवा गाडी खाली घेण्याचं किट बसवताना काढून टाकलंय, आणि लोखंडावर लोखंड आदळतंय.

एकाच बाजूने ‘खण्ण’ आवाज येतो तेव्हा शॉकॲब्सॉर्बर आतून टेकत असतो, नाहीतर सायलेन्सरची नळी एक्सलला लागत असते. हौद्याखाली टांगलेली स्टेपनी डिफरन्शियलला लागली तर आवाज मधून येतो आणि रबरी असतो. हे शेवटचं कारण लोकांना सुचतच नाही.

खड्डा गेल्यावरही गाडी दोन-तीन हेलकावे खात राहते: शॉकॲब्सॉर्बर गेले.

ट्रेलरसह जागेवरून सुटताना थरथर होते, किंवा ४५ ते ६५ मैलांच्या पट्ट्यात अंगाखाली गुणगुण जाणवते: ड्राइव्हशाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा फिरता दांडा) कोन बिघडला. हा आपटण्यापेक्षा वेगळा दोष आहे, पण त्याच कामातून जन्मलेला असल्याने सोबतच येतो.

स्टिअरिंग हलकं लागतं आणि रात्री समोरचे लोक तुम्हाला डिपर देतात: मागची बाजू बसून नाक वर आलंय.

जागा जाते कुठे

पुढच्या बाजूला बहुतेक किटमध्ये ड्रॉप स्पिंडल असतो. तो चाकाचा हब वर सरकवतो आणि स्प्रिंगला हात लावत नाही, त्यामुळे पुढची हालचाल शाबूत राहते. मागे तसं नाही. मूळ रचनेत एक्सल पाट्यांच्या खाली असतो. फ्लिप किट तो पाट्यांच्या वर नेतं आणि गाडी एका फटक्यात पाच-सहा इंच खाली येते. ते सगळे इंच एक्सल आणि चेसी यांच्यामधल्या जागेतून येतात. शॅकल आणि हँगर (पाट्यांची टोकं चेसीला धरणारे भाग) बदलून दोन-तीन इंच उतरवलं तरी जागा तिथलीच खर्च होते, फक्त कमी.

आता ट्रेलरचा हिशेब. समजा व्हीलबेस १४४ इंच आहे, मागच्या एक्सलपासून बॉलपर्यंतचं अंतर ६० इंच आहे आणि बॉलवर ६०० पाउंड वजन येतंय. बॉल एक्सलच्या मागे असल्याने तरफ तयार होते. मागच्या एक्सलवर ६०० गुणिले २०४ भागिले १४४ म्हणजे ८५० पाउंड वाढतात आणि पुढच्या एक्सलवरचे २५० पाउंड उचलले जातात. प्रत्येक पाट्यावर ४२५ पाउंड आले. पाटा एका इंचाला २०० पाउंड घेतो असं धरलं, तर गाडी मागून दोन इंचांहून थोडी जास्त बसते. खाली केलेल्या गाडीत एक्सलच्या वर दीड इंचच उरला असेल, तर अंगणातून बाहेर पडायच्या आतच ती रबरावर बसलेली असते. पुढच्या प्रत्येक खड्ड्याचा दणका सरळ चेसीला जातो.

फुकटात होणारी तपासणी

टॉर्च घ्या, मागच्या चाकाच्या आत डोकवा. एक्सलच्या बरोबर वर, चेसीच्या खालच्या बाजूवर नाण्याएवढा चकचकीत ठिपका दिसतो का? त्याच्या कडेचे रंगाचे पोपडे उडालेले असतील, भोवती तांबूस पूड असेल, तर एक्सल तिथे आदळतोय यात शंका नाही. सायलेन्सरची नळी, स्टेपनीची वरची कड, हँडब्रेकच्या केबलचे क्लिप, इनर फेंडरचा काठ, सगळीकडे असेच घासल्याचे डाग शोधा. एखाद्या ठिकाणी ताजा डाग सापडला आणि बंप स्टॉप कोरा असला, तर दोष तिथेच संपला. स्टेपनी वर ओढून घट्ट करणं किंवा सायलेन्सरचा हँगर सरकवणं एवढंच काम उरतं.

मग टेप काढा. गाडी सपाट काँक्रीटवर उभी करा, टाकी अर्धी भरलेली असू द्या आणि हौद्यात नेहमीचं सामान ठेवा. दोन मापं घ्यायची, दोन्ही बाजूंची. पहिलं, एक्सलच्या नळीच्या वरच्या पृष्ठभागापासून बंप स्टॉपच्या टोकापर्यंत. दुसरं, चाकाच्या मधल्या बिंदूपासून फेंडरच्या काठापर्यंत. हे दुसरं माप जमिनीपासून घेऊ नका, कारण टायरची हवा कमी-जास्त झाली की ते बदलतं. पुढच्या चाकांचंही तेवढं एक माप लिहून ठेवा. आता भरलेला ट्रेलर जोडा आणि सगळं परत मोजा.

ट्रेलर जोडलेला असताना बंप स्टॉपपर्यंत दोन इंच उरले तर रस्त्यावर चालण्याजोगी गाडी आहे. दीड इंच राहिला तर पुलांच्या सांध्यांवर आवाज येणारच. एक इंचाच्या खाली गेलं तर ट्रेलर सोडा आणि पुढचं वाचल्याशिवाय जोडू नका. डाव्या-उजव्या मापात अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल, तर एखादा पाटा थकलाय किंवा सेंटर बोल्ट (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट) जागेवर नाही. त्याकडे नंतर येऊ.

चालत्या गाडीत काय होतं हे पाहायला मुलांची खेळायची माती पुरते. दोन इंच उंचीचा गोळा एक्सलवर, बंप स्टॉपच्या बरोबर खाली चिकटवा. ट्रेलरसह त्याच त्रासदायक रस्त्याने पाच मैल जाऊन या आणि गोळा किती उंच राहिला ते बघा. कागदासारखा चपटा झाला असेल तर एक्सल टेकतोय. अर्धा इंच जाड उरला आणि तरी आवाज आला, तर तो दुसरीकडून येतोय, आणि एअरबॅग घालून तो जाणार नाही. शॉकॲब्सॉर्बरचा दांडा उघडा असेल तर त्यावर एक झिप-टाय बांधा. ती वर सरकून जिथे थांबली तिथपर्यंत शॉक दाबला गेला होता.

वजन: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

ट्रक स्टॉपवरचा कॅट स्केल (ट्रक तोलायचा काटा) वापरा. काही डॉलरमध्ये पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलर अशी तीन वेगळी वजनं छापून मिळतात. एकदा ट्रेलरसह, एकदा गाडी एकटी. गाडीच्या दोन्ही एक्सलची बेरीज ट्रेलरसह किती वाढली, तेवढं वजन बॉलवर येतंय. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (बारांच्या ताणाने बॉलवरचा भार इतर एक्सलवर वाटणारी जोडणी) असेल तर त्याचे बार सैल करून हे वजन करा, नाहीतर आकडा खोटा येतो.

मागच्या एक्सलचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरल्या स्टिकरशी जुळवा. तिथे प्रत्येक एक्सलची मर्यादा आणि गाडीची एकूण मर्यादा लिहिलेली असते. मर्यादा ओलांडली असेल तर निदान संपलं, सामान कमी करा. खाली केल्याने मर्यादा वाढत नाही, एअरबॅगने वाढत नाही, जाड पाट्यांनीही वाढत नाही, कारण एक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि टायर तेच असतात. शिवाय उत्पादकाने दिलेली ओढण्याची क्षमता मूळ उंचीच्या गाडीची आहे. बदल केलेल्या गाडीत ती जशीच्या तशी गृहीत धरू नका.

घरी मोजायचं असेल तर बाथरूमचा वजनकाटा चालतो. एक जाड लाकडी तुळई घ्या. एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर. ट्रेलरच्या दांडीचा जॅक विटेपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फूट अंतरावर टेकवा. काट्यावर दिसेल त्याच्या तिप्पट वजन दांडीवर आहे. तुळईचं स्वतःचं वजन आधी वजा करा आणि ट्रेलरच्या चाकांना अडण लावायला विसरू नका.

बॉलवरचं वजन भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के हवं. पाच हजार पाउंडांच्या ट्रेलरला ५०० ते ७५०. बैलगाडी भरलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. माल मागे सरकला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांचा गाडीवर ताबा राहत नाही. ट्रेलरचंही तसंच. इथे एक धोका फार स्पष्ट सांगायला हवा. मागून आपटणं थांबावं म्हणून लोक ट्रेलरमधलं सामान मागे ढकलतात. बॉलवरचं वजन कमी होतं, धप्प आवाज जातो, आणि ६० मैलांच्या वेगाला ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. आपटणारी गाडी त्रास देते, हलणारा ट्रेलर गाडी उलटवतो. वजन १५ टक्क्यांच्या वर असेल तरच सामान मागे सरकवा, तेही १० टक्क्यांच्या खाली न जाता.

रिसीव्हरवरचं (गाडीच्या मागची, बॉलचा दांडा घुसवायची चौकोनी नळी) स्टिकरही वाचा. अनेक जुन्या हाफ-टन गाड्यांवर साध्या बॉलसाठी ५००० पाउंडांचा ट्रेलर आणि दांडीवर ५०० पाउंड, आणि वेट डिस्ट्रिब्युशन हिच असेल तर त्याच्या दुप्पट, अशी मर्यादा असते. तो हिच बारांच्या ताणाने मागचं काही वजन पुढच्या एक्सलवर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर टाकतो. पुढचे उचललेले २५० पाउंड परत जागेवर यायला हाच सरळ उपाय आहे. किती परत आणायचे हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. अंदाजाने बार ताणू नका, पुढच्या फेंडरचं लिहून ठेवलेलं माप तिथे कामाला येतं.

बॉलची उंची आणि साखळ्या

गाडी मागून पाच इंच खाली गेली म्हणजे रिसीव्हरही पाच इंच खाली गेला. जुना, खाली वळलेला बॉल माउंट (बॉल बसवायचा दांडा) तसाच ठेवला तर ट्रेलरचं नाक जमिनीकडे झुकतं. दोन एक्सलचा ट्रेलर असेल तर पुढच्या एक्सलवर जास्त भार जातो आणि त्याचे टायर आधी तापतात. ट्रेलर सपाट उभा करा, स्पिरिट लेव्हल लावा, कपलरच्या (ट्रेलरच्या दांडीच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) आतल्या वरच्या बाजूची जमिनीपासून उंची घ्या. भार आल्यानंतर बॉलचं टोक त्या उंचीला यायला हवं. बहुतेक वेळा वर वळलेला माउंट लागतो. जुनाच उलटा बसवायचा असेल तर उलट्या स्थितीतही त्याला तेवढीच क्षमता दिली आहे का हे त्यावरच्या छापावर बघा.

साखळ्या दांडीखाली एकमेकींना छेद देऊन बांधायच्या, म्हणजे कपलर सुटला तर तो साखळ्यांच्या झोळीत पडतो. खाली केलेल्या गाडीत त्या हमखास रस्त्याला लागतात. पीळ देऊन आखूड करू नका, कड्या कमी करा. उन्हाळ्यात ही बाब फार गंभीर आहे. २०१८ साली कॅलिफोर्नियातल्या शास्ता परगण्यात ‘कार फायर’ (Carr Fire) नावाचा वणवा पेटला तो ट्रेलरच्या पंक्चर चाकाची रिम डांबरावर घासून उडालेल्या ठिणग्यांनी. ओढत जाणारी साखळीही तशाच ठिणग्या पाडते.

टायर

खाली केलेल्या गाडीला २० किंवा २२ इंची चाकं आणि पातळ टायर लावायची पद्धत आहे. दिसायला छान, पण बाजूच्या भिंतीवरचा लोड इंडेक्स वाचा. ११३ म्हणजे एका टायरला ११५० किलो, साधारण २५३५ पाउंड. आकाराच्या आधी ‘पी’ असेल तर तो मूळचा प्रवासी गाडीचा टायर आहे आणि पिकअपवर वापरताना त्याच्या क्षमतेला १.१ ने भागायचं, म्हणजे २३०० च्या आसपास. दोन टायरची बेरीज कॅट स्केलवरच्या मागच्या एक्सलच्या आकड्यापेक्षा भरपूर जास्त हवी. हवा थंड टायरला मोजा. पातळ टायरमध्ये हवा कमी असेल तर दणका रिमला बसतो आणि आवाज हुबेहूब बंप स्टॉपसारखा येतो.

बंप स्टॉप आणि शॉकॲब्सॉर्बर

आता पैसे खर्च करायची वेळ आली. मूळ रबर उंच असतं, म्हणून बरेच किट ते कापायला किंवा बदलायला सांगतात. कापलेलं रबर दगडासारखं कडक लागतं, कारण दबायचा मऊ भागच कापला जातो. त्याऐवजी फोमसारख्या पॉलियुरेथेनचे बुटके बंप स्टॉप घ्या. ते हळूहळू कडक होत जातात, त्यामुळे टेकल्याचा दणका पसरतो. घट्ट, चकाकणारं पॉलियुरेथेन वेगळं, ते टाळा. बंप स्टॉप नसलेली गाडी एक दिवसही ट्रेलरला जोडू नका. तो दणका चेसीच्या त्याच बिंदूवर हजारदा बसतो आणि तिथून तडा जातो.

शॉकॲब्सॉर्बरचा हिशेब बहुतेकांकडून राहून जातो. मूळ शॉक खाली केलेल्या गाडीला लांब पडतो. एक्सल बंप स्टॉपला लागायच्या आधीच तो आतून टेकतो, आणि मग पिस्टन, सील, वरचा माउंट एकेक करून जातात. महिनाभरात नवा शॉक तेल गाळायला लागला तर कारण हेच. शॉकच्या दोन्ही टोकांच्या डोळ्यांमधलं (बोल्ट जातो त्या भोकांमधलं) अंतर उभ्या गाडीत मोजा. समजा १५.५ इंच आहे. बंप स्टॉपपर्यंतची जागा २.५ इंच, रबर दबेल अर्धा इंच. म्हणजे शॉक १२.५ इंचांपर्यंत दाबला जाणार. कॅटलॉगमध्ये त्याची बंद लांबी १३.५ लिहिली असेल तर तो एक इंच आधीच टेकतो. बंद लांबी १२ इंच किंवा कमी असलेला शॉक हवा, म्हणजे अर्धा इंच हातात राहतो. शॉक तिरका बसवलेला असतो त्यामुळे प्रत्यक्षात तो थोडा कमी दाबला जातो, तरी हिशेब असाच करा.

एअरबॅग

मदतीच्या एअरबॅग उपयोगाच्या आहेत, पण जागा मोजल्यानंतरच. बॅगलाही उभं राहायला किमान उंची लागते. खाली केलेल्या गाडीसाठी बनवलेल्या बुटक्या बॅग वेगळ्या मिळतात. मूळ उंचीच्या गाडीची बॅग घातली तर ती दोन पत्र्यांमध्ये चिमटून फाटते.

बहुतेक बॅगांना किमान ५ आणि कमाल १०० पीएसआय हवा सांगितलेली असते. ट्रेलर काढल्यावर हवा पूर्ण सोडून देऊ नका. रिकामी बॅग घडीवर कातरली जाते. डावी-उजवी नळी वेगळी ठेवा. एकच नळी टी जोडून दोन्हींना दिली तर वळणावर भार आलेल्या बाजूची हवा दुसरीकडे पळते आणि गाडी आणखी कलते. नळी कात्रीने कापू नका, धारदार पात्याने काटकोनात कापा. तिरक्या कापलेल्या टोकातून हवा गळतेच. सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासा. सायलेन्सर जवळ असेल तर उष्णतेचा पत्रा बसवा.

हवा भरण्याचं प्रमाण टेपवर ठरवा. ट्रेलर जोडल्यावर मागच्या फेंडरचं माप मूळ मापाच्या जवळ येईल इतकीच हवा भरा, त्याच्या वर नेऊ नका. वेट डिस्ट्रिब्युशन हिच असेल तर त्या हिचचं आणि गाडीचं पुस्तक सांगेल तो क्रम पाळा, नाहीतर बॅग आणि बार एकमेकांविरुद्ध काम करतात.

बॅगने गाडी वर उचलूनही मातीचा गोळा चपटाच होत असेल, तर हवा वाढवत बसू नका. जागा अपुरी आहे.

पाटे, सेंटर बोल्ट, यू-बोल्ट

काही किट किंवा काही मालक गाडी मऊ चालावी म्हणून सगळ्यात खालचा जाड, सपाट ओव्हरलोड पाटा काढून टाकतात. तो पाटा ओझ्यासाठीच असतो. तो नसेल तर परत बसवा, नाहीतर ट्रेलर ओढायचा विचार सोडा.

एका बाजूने गाडी बसली असेल तर पाट्यांच्या कडा बोटाने चाचपा. तुटलेल्या पाट्याची चीर सहसा सेंटर बोल्टच्या भोकापाशी असते आणि घाणीत लपते. तारेच्या ब्रशने घासल्यावरच दिसते. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसलेलं हवं. फ्लिप किटमध्ये बैठक बदलते, बोल्टची दिशा चुकते आणि एक्सल थोडा तिरका बसतो. दोन्ही बाजूंचं, पाट्याच्या पुढच्या डोळ्यापासून एक्सलपर्यंतचं अंतर सारखं आहे का ते मोजा.

यू-बोल्ट एकदा काढले की नवेच वापरा, ते ताणले गेलेले असतात. किटमध्ये लिहिलेल्या टॉर्कलाच, आलटून-पालटून, थोडे थोडे आवळा. १०० मैलांनी आणि परत ५०० मैलांनी टॉर्क तपासा. नव्या किटचे पत्रे आणि रंग दबून बसतात आणि नट सैल पडतात. पाट्याच्या डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. लटकत्या एक्सलवर आवळले तर बुश पीळ पडलेल्या अवस्थेत पकडलं जातं, गाडी खाली आल्यावर फाटतं, आणि उंचीचं मापही चुकतं.

या कामासाठी गाडीची चेसी आणि एक्सल दोन्हींना वेगवेगळा आधार हवा. यू-बोल्ट सुटताच एक्सल गडगडतो. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका.

ड्राइव्हशाफ्टचा कोन

थरथर असेल तरच इथे या. डिजिटल अँगल गेज घ्या. गाडी चाकांवर उभी हवी. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाचा, शाफ्टचा आणि डिफरन्शियलच्या पिनियनचा (शाफ्ट जोडला जातो त्या दातेरी दांड्याचा) कोन मोजा. शाफ्ट आणि पिनियन, तसंच शाफ्ट आणि गिअरबॉक्स यांच्यातला फरक तीन अंशांच्या आत हवा, आणि दोन्ही फरकांमध्ये एका अंशापेक्षा जास्त तफावत नको. शून्य कोनही चांगला नाही. शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया फिरायच्या थांबतात आणि एकाच जागी खाच पडते. पाट्यांच्या गाडीत जोर लावला की पिनियनचं नाक वर उचलतं, म्हणून उभ्या स्थितीत ते एक-दोन अंश खाली झुकलेलं ठेवतात. हे सगळं ट्रेलर जोडूनही मोजा. रिकाम्या गाडीत बरोबर आणि ट्रेलरसह चूक, अशी गाडी नेहमी सापडते.

दोन ते चार अंशांची पाचर पाटा आणि एक्सल यांच्यात घालून कोन सुधारतो. पाचर पोलादाची घ्या. ॲल्युमिनियमची दबते आणि यू-बोल्ट सैल होतात. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मधल्या बेअरिंगची उंचीही बदलावी लागते. ते काम ड्राइव्हलाइनच्या दुकानात द्या.

सी-नॉच

इतकं सगळं करूनही ट्रेलरसह दीड इंच मिळत नसेल, तर चेसीला एक्सलच्या वर अर्धवर्तुळाकार खाच पाडून त्यावर जाड पोलादी पट्टी बसवणं हा मार्ग उरतो. दोन इंचांच्या आसपास जागा मिळते. चार इंचांहून जास्त खाली घेतलेल्या आणि ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला तो अपरिहार्यच आहे असं समजा. फ्लिप किट बसवतानाच तो करून घ्यायला हवा होता.

हे काम घरी करू नका. चेसीच्या आतून आणि बाजूने ब्रेकची नळी, इंधनाची नळी आणि वायरिंग जातं, करवत त्यांच्यापासून बोटभर अंतरावर चालते. खाचेचा कोपरा काटकोनी राहिला तर तडा तिथूनच सुरू होतो. गॅसच्या ज्योतीने कापलं किंवा बेसुमार वेल्डिंग केलं तर उच्च ताकदीचं पोलाद भोवतीच्या पट्ट्यात मऊ पडतं. दुकान निवडताना विचारा: नट-बोल्टची पट्टी लावणार की वेल्डची, कापणार कशाने, कोपरे गोल करणार का, आणि उघड्या पोलादाला गंजरोधक लावणार का. उत्तरं टाळली तर दुसरं दुकान बघा.

कुठे थांबायचं

चेसीवर केसाएवढाही तडा दिसला, तर ट्रेलर सोडून गाडी थेट चेसीच्या कारागिराकडे. ब्रेकची नळी घासलेली असेल तर गाडी चालवूच नका, टो करून न्या. टोयोटासारख्या काही पिकअपमध्ये मागच्या एक्सलला जोडलेला, भारानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा वॉल्व असतो. गाडी खाली केल्यावर तो भरलेली गाडी समजून मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी अडकतात. हा वॉल्व जाणकाराकडूनच जुळवून घ्या. ट्रेलरच्या ब्रेकमध्ये शंका असेल तरीही तेच.

उंची बदलली की अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर पुढचे टायर आतल्या कडेने सहा महिन्यांत कापडापर्यंत जातात. ट्रेलर जोडून, गाडी भिंतीपासून २५ फुटांवर उभी करून हेडलाइटची पातळी बघा. कॅलिफोर्नियात वाहन संहितेचं कलम २४००८ आहे: खाली केलेल्या गाडीचा चाकांव्यतिरिक्त कोणताही भाग रिमच्या सगळ्यात खालच्या कडेच्याही खाली येता कामा नये. एका बाजूचे टायर सपाट झाले तरी गाडी जमिनीला घासू नये, इतकी ही अट सरळ आहे. हिचचं डोकं आणि वेट डिस्ट्रिब्युशनचे बारही त्या रेषेत मोजा.

सगळं झाल्यावर ५०० मैलांनी, यू-बोल्टचा टॉर्क तपासायच्याच दिवशी, मातीचा नवा गोळा लावून तोच पाच मैलांचा रस्ता परत चालवा आणि उरलेली जाडी पहिल्या मापाशेजारी लिहून ठेवा.